उन्हाळा कुणाच्या मालकीचा?

दोस्तहो, प्रश्न साधा आहे. दोन महिने बिनपगारी राबून ज्ञान मिळत असेल तर ते घ्यावं का? आणि ज्याच्या घरात दोन महिन्यांचं पीठ नाही म्हणून त्याला ते घेता आलं नाही, त्याला 'गुणवत्ता नाही' म्हणण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला?

हा प्रश्न मी पुस्तकातून उचललेला नाही. मी जिनिंग मिलमधला माणूस. दिवाळीच्या आगेमागे कापूस यायला लागतो. रेच्यावर कापूस चढवायचा, एकीकडं रुई, दुसरीकडं सरकी. मग रुई दाबून १७० किलोची गठाण बांधायची. नाकातोंडात तंतू, भुवया पांढऱ्या. उन्हाळा तापला की कापूस संपतो आणि मिलच्या फाटकाला कुलूप लागतं. आमच्या वाशिम जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे काम शोधत फिरायचे महिने. कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्याकडं बांधकामावर. जूनमध्ये पाऊस पडला की सोयाबीन पेरायचं, त्याच्या बियाण्याचा पैसाही ह्याच दिवसांत उभा करायचा असतो. वर्षातले सगळ्यात कोरडे दोन महिने. एक कमावता हात कमी झाला की घर लंगडतं.

नेमके हेच दोन महिने देशातल्या मोठ्या संशोधन संस्थांनी शिकणाऱ्या पोरांसाठी राखून ठेवलेत. त्याला म्हणतात समर इंटर्नशिप. आपल्याकडं त्याला जुना शब्द आहे, उमेदवारी. उमेदीवरच दिवस काढायचे म्हणून बहुतेक उमेदवारी. पवईची आयआयटी, बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, १९८८ साली पुण्यात निघालेलं सी-डॅक, २००५ साली बंगळुरात सुरू झालेली मायक्रोसॉफ्टची प्रयोगशाळा. अशा ठिकाणी कॉम्प्युटरचं आणि इंजिनिअरिंगचं शिकणारी मुलं उन्हाळ्याचे सहा-आठ आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली बसतात. कुणी प्रोग्राम लिहितं, कुणी आकडे साफ करतं, कुणी नुसते दुसऱ्यांचे शोधनिबंध वाचून टिपणं काढतं. शेवटी एक अहवाल द्यायचा.

अहवालाची किंमत फार नसते. खरी कमाई तीन गोष्टींची. एक, सहीशिक्क्याचा कागद. दोन, 'हा मुलगा मी पाहिला आहे, कामाचा आहे' असं लिहून देणारा मोठा माणूस. तीन, आपल्यालाही हे जमतं हा छातीतला विश्वास. पुढं पीएच.डी.चा प्रवेश, परदेशातली जागा, कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी, सगळीकडं पहिला सवाल तोच: ह्याआधी कुठं काम केलंस?

आता कुणी म्हणेल, वऱ्हाडातल्या पोरांना हे झेपणार नाही. सी-डॅकनं १९९१ साली 'परम' हा महासंगणक केला. त्या कामाचे म्होरके विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधी आपण सगळे अकोला जिल्ह्याचेच. तेव्हा माती नापीक आहे हे कारण खोटं आहे. अडतंय ते दुसरीकडं.

मी मोजून पाहिलं. दाराला तीन कुलपं आहेत.

पहिलं कुलूप बातमीचं. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. ती बिनपगारी नाही, दरमहा विद्यावेतन मिळतं, रेल्वेचं भाडंही मिळतं. पण तिचे अर्ज आदल्या वर्षीच, दिवाळीच्या सुमाराला भरायचे असतात. आपल्या पोराला ही गोष्ट कळते मे महिन्यात, शहरातला वर्गमित्र बॅग भरताना दिसतो तेव्हा. ज्याच्या घरात काका प्रोफेसर, मावशी इंजिनिअर, त्याला हे जेवताना कळतं. बातमी ही सुद्धा इस्टेट आहे. तिचाही वारसा चालतो.

दुसरं कुलूप ओळखीचं. पुष्कळ ठिकाणी जाहिरातच नसते. प्रोफेसरला ईमेल करायचा, 'मला घ्या' म्हणायचं. त्याला रोज असे ढीगभर ईमेल येतात. तो काय बघतो? कॉलेजचं नाव बघतो. कुणाची शिफारस आहे ते बघतो. आणि आडनाव त्याच्या डोळ्याला दिसत नाही असं कुणी सांगत असेल तर त्यानं सुखदेव थोरात यांचं काम वाचावं. थोरात आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी आणि पॉल अटेवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. लायकी सारखी, फक्त नावं वेगळी. २००७ साली निष्कर्ष छापून आला: सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश. माणूस बघितला नाही, काम बघितलं नाही. नुसतं नाव वाचलं.

तिसरं कुलूप पैशाचं. काही ठिकाणी विद्यावेतन चांगलं आहे. मोठ्या कंपन्या तर घसघशीत देतात. पण तिथं घेतात कुणाला? ज्यानं ह्याआधी कुठंतरी काम केलंय त्याला. आणि ते आधीचं काम बहुतेक वेळा बिनपगारी असतं. म्हणजे शिडीच्या वरच्या पायरीवर पैसा आहे, खालच्या पायरीवर नाही. जो खालची पायरी पदरच्या पैशानं चढतो, त्यालाच वरची पायरी पैसे देते. ह्याला आपल्याकडं गुणवत्ता म्हणतात.

हे सगळं मी कुठंतरी आधी पाहिलंय असं मला वाटत होतं. मग लक्षात आलं. आपल्या बापजाद्यांच्या कामगार-इतिहासात ते लिहिलेलं आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होता, पण रिंग खात्यात, कमी मजुरीवर. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात त्याला शिरू देत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा तोंडाला लावणार? बस्स, एवढ्यावर एक अख्खं कसब बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मजुरी वाढवा म्हणता, मग आमच्या माणसाला विणकाम खातं उघडा असंही म्हणा. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न मोठा वाटत नव्हता. बाबासाहेबांना वाटत होता. कारण त्यांना ठाऊक होतं की कसब पुस्तकात नसतं, खात्यात असतं. जो खात्यात उभा राहतो तो बघून बघून शिकतो. ज्याला दारातच अडवलं, त्याला पुढं 'ह्याला विणता येत नाही' म्हणायला सगळे मोकळे.

आजची प्रयोगशाळा म्हणजे ते विणकाम खातं. शोधनिबंध कसा वाचायचा, प्रयोग फसला तर काय करायचं, कुठला प्रश्न विचारण्यासारखा आणि कुठला नाही, हे सगळं जवळ बसून शिकायचं ज्ञान आहे. आज कुणी 'तोंड लावू नको' म्हणत नाही. आज म्हणतात, 'राहण्याचा खर्च स्वतः करावा लागेल.' वाक्य सभ्य आहे. खातं मात्र तेवढंच बंद आहे.

आणि प्रोफेसरची मर्जी? ती तर आपल्याला पाठ आहे. गिरणीत भरती मुकादम करायचा. सकाळी फाटकाशी बदलीवाले उभे, मुकादम बोट दाखवील तो आत. त्याच्या गावचा, त्याच्या जातीचा, त्याच्या हातावर काही ठेवणारा. मुकादम वाईट माणूसच असेल असं नाही, पण त्याच्या बोटावर कुणाचा जाब नव्हता. म्हणून १९३५ साली बदलीवाल्यांना कार्ड द्यायची पद्धत मुंबईच्या गिरण्यांत आली, मुकादमाच्या बोटाला लगाम घालायला. गिरणीवाल्यांना नव्वद वर्षांमागं जे कळलं ते विद्वानांच्या संस्थांना अजून का कळू नये?

कायदाही बघा. १९६१ सालचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. लोहार, फिटर, वायरमन असं काम शिकणाऱ्याला त्या कायद्यानं विद्यावेतन द्यावंच लागतं. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात अनुसूचित जाती-जमातींना जागा राखून ठेवल्या. म्हणजे पान्हा धरायला शिकणाऱ्या पोराच्या वेळेला दाम आहे आणि त्याच्यासाठी जागाही आहे. पण प्रयोगशाळेच्या उन्हाळी उमेदवारीच्या दाराशी येईपर्यंत हा विचार दमून खाली बसतो. पान्ह्यापर्यंत आरक्षण, मेंदूपाशी मर्जी. आम्ही हाताचे आणि ते डोक्याचे, ही मनूची वाटणी नव्हे तर काय?

२०२४ साली केंद्र सरकारनं तरुणांसाठी मोठ्या कंपन्यांमधली इंटर्नशिप योजना काढली, महिन्याला ५००० रुपये. तत्त्व मान्य झालं: शिकणाऱ्याचा वेळ फुकटचा नाही. पण ती योजना पूर्णवेळ शिकत असलेल्यांसाठी नव्हती. अमेरिकेत सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं १९८७ पासून उन्हाळी संशोधनासाठी विद्यार्थ्यांना पैसे देऊन बोलवायला सुरुवात केली, आणि ज्या कॉलेजांत संशोधन होत नाही तिथली मुलं, वंचित समाजातली मुलं घ्या असा आग्रह धरला. तेव्हा हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये.

आता मुद्दा घरात आणतो. माझा मावसभाऊ एम.टेक.ला आहे, कॉम्प्युटरचा. फी शिष्यवृत्तीतून भागते. यंदा त्याला एका प्रयोगशाळेनं दोन महिन्यांसाठी बोलावलं. विद्यावेतन नाही, राहणं-खाणं स्वतःचं. जाणं-येणं, खोली, मेस धरून तीस हजार. दर उन्हाळ्यात तो ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात बसतो, दोन महिन्यांत वीस हजार घरी आणतो, ते बुडणार. एकूण पन्नास हजार. मावशी निंदण-खुरपणाला जाते. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "काऊन रे बापू, फुकटच राबाचं त मंग आपल्या घरीच राब ना!"

मावशीला हसू नका. वेठ आपल्या आठवणीत आहे. मुंबई इलाख्यात महारकीच्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली बिल आणलं, ते ह्याच फुकटच्या राबण्याविरुद्ध. म्हणून 'फुकट' शब्द कानावर पडला की आपली म्हातारी माणसं दचकतात. पण वेठ आणि उमेदवारी ह्यांत फरक आहे, तो नीट धरला पाहिजे. वेठीचं फळ सगळं दुसऱ्याचं. राबणारा दहा पिढ्या राबला तरी जिथल्या तिथं. उमेदवारीचं फळ थोडं संस्थेचं, पण बरंचसं राबणाऱ्याचं. फुकट राबवून घेणं अन्याय आहेच. पण ज्या राबण्यातून माणूस वर जातो, ते राबणंसुद्धा फक्त पोटभरल्यांनाच परवडावं, हा अन्यायावरचा अन्याय. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. बिनपगारी उमेदवारीत हे दोघं एकाच बाकड्यावर बसलेत. एक म्हणतो, काम फुकट पाहिजे. दुसरा म्हणतो, ते फुकट करण्याचा मानही सगळ्यांना नाही.

एकलव्याचा अंगठा सगळे सांगतात. मला वेगळंच विचारायचंय. तो जंगलात नेम धरत बसला होता तेव्हा त्याच्या घरी चूल कोण पेटवत होतं? त्याच्या वाट्याची शिकार कोण करत होतं? ज्या माणसांनी त्याचे ते दिवस अंगावर घेतले त्यांची नावं कुठंच नाहीत. शिकणारा एकटा शिकत नाही. त्याच्या वेळेची किंमत कुणीतरी मोजत असतं. सवर्ण घरात ती आधीच्या पिढ्यांनी मोजून ठेवलीय, म्हणून दिसत नाही. न दिसणाऱ्या भांडवलालाच ते जन्मजात बुद्धी म्हणतात.

आमच्या विहारात बैठक झाली. जयंतीच्या वर्गणीतले वीस हजार उरले होते. ते ह्या पोराला द्यावेत का? एक म्हातारबाबा बोलले, "पोट्टं फुकट राबाले चाललं अन् आपनच त्याले पैसे द्याचे? हे कोन्तं गनित?" मागून एक बाई उठल्या, "डीजेवाल्याले देल्ले तवा कोनी गनित नाही इचारलं." सगळे गप्प. मग आपल्यातलाच एक कार्यकर्ता, चांगला वाचणारा, म्हणाला, "हा शिकून मोठा होईन, पुन्यात फ्लॅट घेईन अन् वस्तीले इसरीन. आग्र्याले बाबासाहेब काय बोलले ते इसरले का?"

हा सवाल खोटा नाही. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलचं दुःख बोलून दाखवलं होतं. पण त्या दुःखाचा अर्थ 'शिकवू नका' असा काढणारा माणूस बाबासाहेबांच्याच पायाखालची वीट काढतो. १९४२ च्या ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं. त्यात काय मागितलं? नुसतं कला आणि कायद्याचं शिक्षण आमच्या लोकांना फारसं उपयोगी नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं वरचं शिक्षण पाहिजे, ते महाग आहे, म्हणून सरकारनं पैसे द्यावेत. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मुलांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्यातला जो कुणी पदवीचा कागद दाखवतो त्याच्या मागं ती मागणी उभी आहे.

मावसभाऊ म्हणाला, "मले उधार द्या. मी फेडतो." मी म्हटलं, नाही. इथंच खरा नैतिक प्रश्न आहे. हे ऋण आहे का? असेल तर कुणाचं, आणि फेडायचं कुणाला?

बाबासाहेबांचाच दाखला घेऊ. १९१३ साली बडोदा संस्थानानं त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करार होता, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्याला गेले. त्या शहरानं त्यांना छप्पर दिलं नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं, अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली. करार मोडला. मग ऋण बुडालं का? १९२० चा 'मूकनायक', १९२७ चं चवदार तळं, पुढं संविधान, हे सगळं कुणाच्या खात्यात जमा झालं? बडोद्याच्या तिजोरीत नाही. ज्यांनी एक पैसाही दिला नव्हता, जे जन्मालाही आले नव्हते, त्या तुमच्या-माझ्या खात्यात. ज्ञानाचं ऋण मागं फेडता येत नाही, ते पुढं फेडायचं असतं. ज्यानं दिलं त्याला परत करून मोकळं होणं हा सावकाराचा हिशेब. जो अजून दारापर्यंत आलाच नाही त्याच्यासाठी दार उघडं ठेवणं हा चळवळीचा हिशेब.

म्हणून पोराच्या डोक्यावर 'समाजाचे उपकार' असं गाठोडं बांधून त्याला पाठवू नका. शंभर पोरं मधूनच परत येतात ती ह्या ओझ्यानं. सवर्णाचा पोरगा प्रयोगात नापास झाला तर फक्त प्रयोग फसतो. आपला झाला तर सगळी जात नापास. हे ओझं आपण तरी घालू नये. त्याला फसण्याचाही हक्क पाहिजे. संशोधन म्हणजे दहादा फसणंच असतं म्हणतात.

वीस हजार दिले. उधार नाही, उपकार नाही. वरचे दहा घरच्यांनी जमवले. बुडालेली मजुरी मावशीनं अंगावर घेतली. पण दोस्तहो, एका वस्तीनं एका पोराला पाठवलं म्हणून टाळ्या वाजवू नका. पुढच्या वर्षी दोघं निघाले तर? जयंतीचा गल्ला संपतो, प्रश्न संपत नाही. २०२४ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाची धनबादच्या आयआयटीतली जागा गेली, कारण १७,५०० रुपये वेळेच्या आत भरता आले नाहीत. घरच्यांनी गावात पैसे गोळा केले होते, तरी घड्याळ पुढं गेलं. त्याच सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं जागा परत दिली. चांगलं झालं. पण किती पोरं सुप्रीम कोर्टापर्यंत पोचतात?

कुणी विचारतील, कॉम्प्युटर शिकून होणार काय? ते यंत्र तर उद्या आपलीच कामं खाणार. खाईल. पण यंत्र स्वतःहून काही ठरवत नाही, जुनं बघून शिकतं. अमेझॉन कंपनीनं नोकरीचे अर्ज निवडायला एक यंत्रणा करून पाहिली. आधी निवडलेल्यांत पुरुष जास्त, म्हणून ती बायकांचे अर्ज मागं टाकायला शिकली. शेवटी कंपनीला ती सोडून द्यावी लागली, २०१८ साली बातमी बाहेर आली. उद्या आपल्याकडच्या जुन्या निवडींवर असं यंत्र शिकवलं तर ते काय शिकेल? आडनाव. आणि त्या खोलीत 'थांबा, हे चूक आहे' म्हणणारं आपलं कुणी नसेल, तर मनुस्मृती पुन्हा लिहिली जाईल आणि ह्यावेळी ती जाळायला कागदही नसेल. म्हणून त्या खोलीत जायचं. पोटासाठी जायचंच, आणि पहाऱ्यासाठीही.

तेव्हा करायचं काय? दोन कामं. आपल्या हातातलं काम: दिवाळीच्या आधी प्रत्येक विहारात उन्हाळी फेलोशिपची यादी लागली पाहिजे, कुठली संस्था, कधीपर्यंत अर्ज, काय कागद. ज्यानं एकदा अर्ज भरलाय त्यानं पुढच्या चौघांचे भरून द्यायचे. वर्गणीतला ठरलेला हिस्सा ह्यासाठी आधीच काढून ठेवायचा, उरलासुरला नको. जो जाऊन आला त्याच्याकडून फेड एकच मागायची, आतली बातमी बाहेर आणायची. प्रोफेसरशी कसं बोलायचं, काय वाचून जायचं, खोली कुठं स्वस्त मिळते, सगळं लिहून यादीखाली लावायचं.

दुसरं काम भांडणाचं. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेनं उन्हाळ्याच्या जागा जाहीर कराव्यात, निवडीचा नियम छापावा, कुणाला घेतलं त्याचा सामाजिक हिशेब द्यावा. विद्यावेतन आणि वसतिगृह असल्याशिवाय कुणाला राबवून घेऊ नये. फिटरला जे १९७३ साली मिळालं ते संशोधकाला द्यावं. हे कुणी आपण होऊन देणार नाही. बार्टीच्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधकांना आझाद मैदानात बसावं लागलं, हे आपण पाहिलंय. संशोधन करायच्या वयात त्यांना धरणं धरायला लावणारी व्यवस्था आपल्याला नवीन नाही. आपणही तिला नवीन नाही.

ही भीक नाही, हे ध्यानात असू द्या. उन्हाळा सूर्याचा आहे, तो कुणाच्या बापाचा नाही. ज्यांना त्याच्यात फक्त घाम मिळाला, त्यांच्या पोरांना त्याच्यातलं ज्ञानही मिळालं पाहिजे.

यादी आपण ह्या दिवाळीच्या आधी लावतोय. तुमच्या गावच्या विहारात कोण लावणार ते ठरवा.